गरोदरपणातला ताप, उंदरांची पिल्लं आणि आईवर येणारा आळ

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत गरोदरपणी आईला झालेल्या इन्फेक्शनचा पुढे मुलाच्या वागण्यावर काय परिणाम होतो यावर लेख आला होता. विषय घेतलात त्याबद्दल आधी आभार, कारण मराठीत यावर फारसं कोणी लिहीत नाही. पण वर जे हेडिंग दिलंत, 'आईच्या तापाने बाळाला ऑटिझम', त्याने फार वाईट झालं. मी ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम करणारी विशेष शिक्षिका आहे. त्या दिवशी संध्याकाळपासून माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या आयांचे मेसेज सुरू झाले, प्रत्येकीने त्या हेडिंगचा फोटो काढून पाठवलेला आणि खाली एकच प्रश्न, मॅडम मला सहाव्या महिन्यात डेंग्यू झाला होता त्यामुळेच का, मला चौथ्या महिन्यात फ्लू झालेला त्यामुळे का. एकीच्या सासूबाईंनी तर पेपर तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि काही बोलल्याच नाहीत. म्हणून हे पत्र. जरा लांबेल, पण छापाच.

मी शिकले झूलॉजी, एमएस्सीला असताना हा विषय वाचायची सवय लागली ती अजून आहे, त्यामुळे मूळ संशोधनात काय आहे ते माझ्या भाषेत सांगते. याला मॅटर्नल इम्यून ॲक्टिव्हेशन म्हणतात, म्हणजे गरोदर आईच्या शरीरातली रोगप्रतिकार यंत्रणा जोरात कामाला लागणे. यातली मुख्य गोष्ट, जी तुमच्या लेखात एका वाक्यात उरकली, ती अशी की बऱ्याच वेळा जंतू बाळापर्यंत पोचतच नाही. रुबेला, म्हणजे गोवरासारखा पुरळ आणणारा आजार, त्याचं वेगळं आहे, रुबेलाचा व्हायरस वार (प्लासेंटा) ओलांडून गर्भापर्यंत जातो आणि थेट नुकसान करतो. पण साधा फ्लू घ्या, तो सहसा आईच्या श्वासमार्गातच राहतो. मग बाळावर परिणाम झालाच तर तो कशाने, तर आईचं शरीर त्या फ्लूशी लढताना जी रसायनं सोडतं त्यांच्यामुळे, असा हा सगळा विचार आहे.

हे कळलं कसं तर अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक मध्ये पॉल पॅटरसन नावाचे शास्त्रज्ञ होते, २०१४ मध्ये वारले. त्यांच्या ग्रुपने २००३ मध्ये गाभण उंदरिणींना फ्लूचा व्हायरस दिला आणि त्यांची पिल्लं मोठी झाल्यावर ती कशी वागतात ते बघितलं, ती नव्या जागेत कमी फिरत होती, दुसऱ्या उंदराशी कमी संपर्क ठेवत होती. मग त्यांनी व्हायरस काढूनच टाकला. त्याऐवजी पॉली आय-सी नावाचं एक कृत्रिम आरएनए आहे, ते व्हायरससारखं दिसतं म्हणून शरीर फसतं आणि लढायला उठतं पण त्यात जिवंत जंतू नसतोच, ते टोचलं तरी पिल्लांमध्ये गडबड दिसली. म्हणजे जंतू नसताना नुसतं आईचं शरीर लढायला उठलं तेवढंच पुरेसं होतं.

यात एक टेस्ट असते ती मला नेहमी इंटरेस्टिंग वाटते. एकदम मोठा आवाज झाला की आपण दचकतो ना, पण त्याच्या अगदी क्षणभर आधी एक हलका आवाज ऐकवला तर दचकणं कमी होतं, मेंदू आपोआप सावध झालेला असतो. स्किझोफ्रेनिया (ज्यात भास होतात असा मानसिक आजार) असलेल्या बऱ्याच लोकांमध्ये हे दचकणं तितकं कमी होत नाही, आणि या पिल्लांमध्येही झालं नाही. उंदराला भास होतात का हे त्याला विचारता येत नाही, पण ही टेस्ट माणसावर आणि उंदरावर जवळजवळ सारखीच करता येते म्हणून तिला महत्त्व.

मग २००७ मध्ये त्याच ग्रुपने दाखवलं की यामागे इंटरल्यूकिन-६ नावाचं प्रथिन आहे. आजारी पडल्यावर आपल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला अशी प्रथिनं सोडतात, त्यातलंच हे एक. गाभण उंदरिणीला बाराव्या-तेराव्या दिवशी (उंदरिणीचं गरोदरपण एकूण १९-२० दिवसांचंच असतं) हे एकटं प्रथिन एकदाच टोचलं तरी पिल्लांमध्ये फरक आला, आणि पॉली आय-सी देताना सोबत इंटरल्यूकिन-६ ला अडवणारी अँटिबॉडी दिली तर पिल्लं बऱ्यापैकी नॉर्मल निघाली. पुढे २०१६ मध्ये ग्लोरिया चोई आणि जुन हू या दोघांच्या टीमने इंटरल्यूकिन-१७ए हे दुसरं प्रथिन पकडलं. त्यांच्या पिल्लांमध्ये तीन गोष्टी दिसल्या, दुसऱ्या उंदराजवळ जाण्यात रस कमी, आईपासून दूर केल्यावर जो आपल्या कानाला ऐकू न येणारा बारीक आवाज पिल्लं काढतात त्यात बदल, आणि पिंजऱ्यात काचेच्या गोट्या ठेवल्या की त्या भुशात पुरत बसणं, पुन्हा पुन्हा.

आता इथे जो भाग येतो तो तुमच्या लेखात अजिबात नव्हता आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. सगळ्या उंदरिणींमध्ये असं झालंच नाही! याच टीमने २०१७ मध्ये दाखवलं की एका कंपनीकडून आणलेल्या उंदरिणींना पॉली आय-सी दिलं की पिल्लांवर परिणाम होतो आणि दुसऱ्या कंपनीकडून आणलेल्या उंदरिणींना तेच इंजेक्शन तेवढ्याच डोसमध्ये दिलं तर होत नाही. शोधत गेल्यावर फरक सापडला तो आतड्यात, पहिल्या उंदरिणींच्या आतड्यात एक विशिष्ट प्रकारचे बॅक्टेरिया होते, दुसऱ्यांच्यात नव्हते. अँटिबायोटिक देऊन ते घालवले की परिणामही गेला. झुरिकमध्ये उर्स मायर यांच्या ग्रुपने २००६ मध्ये दाखवलं होतं की तेच इंजेक्शन नवव्या दिवशी दिलं तर पिल्लं आजूबाजूची जागा कमी धुंडाळतात आणि सतराव्या दिवशी दिलं तर वेगळंच होतं, शिकलेली एक गोष्ट सोडून दुसरीकडे वळायला ती अडखळतात. त्याच गटाचा २०१३ चा पेपर आहे, त्यात आईला सौम्य डोस दिला तर पिल्लांत फारसं काही दिसेना, पिल्लांना वयात येताना ताण दिला तरी फारसं नाही, दोन्ही एकत्र झाले तेव्हा मात्र ठळक बदल दिसले.

म्हणजे बघा, पिंजरा एक, खाणं एक, जात एक, इंजेक्शन सुद्धा शास्त्रज्ञाने मोजून दिलेलं, तरीही निकाल आईच्या आतड्यावर, दिवसावर, डोसवर आणि पिल्लाच्या पुढच्या आयुष्यावर अवलंबून. मग नाशिकच्या किंवा लातूरच्या एखाद्या बाईला पाचव्या महिन्यात तीन दिवस ताप आला आणि तिच्या मुलाला ऑटिझम आहे यावरून 'तापाने झालं' असं छातीठोक कोण सांगू शकतं? कोणीच नाही. तिच्या डॉक्टरला पण सांगता येणार नाही.

कोणी म्हणेल उंदीर म्हणजे माणूस नाही. बरोबर. कॅलिफोर्नियातच डेव्हिस इथल्या विद्यापीठात ऱ्हीसस माकडांवर काम झालंय, २०१४ ला छापून आलं, त्यातही पिल्लांच्या सोशल वागण्यात फरक आणि तीच ती हालचाल करत राहणं दिसलं, त्यामुळे हे निव्वळ उंदरांपुरतं आहे असं मी म्हणणार नाही. पण माणसांचा पुरावा बघायला गेलं की चित्र बरंच गुंतागुंतीचं होतं.

सुरुवात झाली स्किझोफ्रेनियापासून. १९५७ मध्ये फ्लूची मोठी साथ आली होती, फिनलंडच्या हेलसिंकीमध्ये त्या साथीच्या वेळी जी मुलं आईच्या पोटात मधल्या तीन महिन्यांत होती त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण जास्त दिसलं असा मेडनिक आणि सहकाऱ्यांचा पेपर १९८८ ला आला. पण त्यात नेमक्या कोणत्या आईला फ्लू झाला होता हे माहीतच नव्हतं, फक्त साथ चालू होती एवढं माहीत. नंतर २००४ मध्ये अ‍ॅलन ब्राऊन यांनी कॅलिफोर्नियातल्या बायकांचं १९५९ ते १९६६ मध्ये गरोदरपणी घेऊन साठवलेलं रक्त तपासलं, तेव्हा गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्या काळात फ्लू झालेल्यांच्या मुलांमध्ये धोका तिपटीच्या आसपास आला. आकडा मोठा वाटतो, पण अशा वाढलेल्या धोक्यातही त्या आयांच्या बहुतेक सगळ्या मुलांना स्किझोफ्रेनिया झाला नाही, हे वाक्य अशा बातमीत नेहमी गाळलं जातं.

ऑटिझमचं म्हणाल तर डेन्मार्कमध्ये जवळपास ९७ हजार मुलांचा अभ्यास २०१२ ला आला. साधी सर्दी, खोकला, सायनस, युरिन इन्फेक्शन यांचा ठोस संबंध दिसला नाही. फ्लू झाला होता त्यांच्यात ऑटिझमच्या एका प्रकाराचा धोका दुप्पट आणि ताप बरेच दिवस राहिला तर तिप्पट असं दिसलं, पण इतक्या गोष्टी एकावेळी तपासल्यात की यातलं काही योगायोगाने पण आलेलं असू शकतं असं खुद्द त्या लोकांनीच लिहून ठेवलंय. नॉर्वेत २०१८ मध्ये ९५ हजारांहून जास्त मुलांचा अभ्यास झाला त्यात मधल्या तीन महिन्यांत ताप आला असेल तर शक्यता साधारण ४० टक्क्यांनी जास्त. आणि मग २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख मुलांच्या अभ्यासात गरोदरपणातला फ्लू आणि ऑटिझम यांचा संबंधच दिसला नाही!

दुप्पट म्हणजे काय ते पण सांगायला हवं होतं. समजा हजार मुलांमागे दहा मुलांना एखादी गोष्ट होते, ती दुप्पट झाली तर वीस मुलांना होईल, उरलेल्या ९८० मुलांना होणार नाही. हेडिंगमध्ये हे बसत नाही मान्य, लेखात तरी बसवता आलं असतं.

आणि २०२२ चा स्वीडनचा अभ्यास तर तुमच्या लेखकाने पूर्ण वगळलाय. साडेपाच लाखांच्या आसपास मुलं, आईला इन्फेक्शनसाठी हॉस्पिटलमध्ये उपचार लागले होते की नाही ते बघितलं. वरवर पाहता ऑटिझमचं प्रमाण थोडं जास्त आलं. पण मग त्यांनी दोन हुशारीच्या गोष्टी केल्या. एक, दिवस राहण्याच्या आधीच्या वर्षात आईला इन्फेक्शन झालं असेल तर काय होतं ते पाहिलं, तर तिथेही ऑटिझमचं प्रमाण तसंच जास्त, आता त्या वेळी तर बाळ पोटात नव्हतंच. दोन, एकाच आईच्या दोन मुलांची तुलना केली, एकाच्या वेळी इन्फेक्शन झालेलं आणि दुसऱ्याच्या वेळी नाही, तर फरक गायब. म्हणजे ज्या घरांमध्ये इन्फेक्शन जास्त होतात त्या घरांमध्येच आणखी काही, बहुतेक जीन्सचं किंवा परिस्थितीचं, वेगळं असावं. ऑटिझममध्ये अनुवंशिकतेचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचं पाच देशांच्या मोठ्या अभ्यासात २०१९ ला आलेलं आहेच. माझं मत विचाराल तर उंदरांमधली यंत्रणा खरी आहे, माणसांतही काही जणींच्या बाबतीत, विशेषतः मोठ्या आजारात, ती काम करत असणार, पण एका घरातल्या एका मुलाकडे बोट दाखवून हे तुझ्या तापाचं फळ म्हणणं याला काहीही आधार नाही.

आयांवर आळ घ्यायचा हा प्रकार नवीन नाही हो. अमेरिकेत १९५० आणि ६० च्या दशकात 'रेफ्रिजरेटर मदर' म्हणायचे, म्हणजे आई मायाळू नाही, थंड आहे म्हणून मूल असं झालं. ब्रुनो बेटलहाइम यांनी हे खूप पसरवलं आणि बर्नार्ड रिमलंड, जे स्वतः मानसशास्त्रज्ञ आणि ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते, त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून हे खोडलं. तोवर कितीतरी आया त्या अपराधात पिचल्या. आपल्याकडे तर अजून ग्रहणात भाजी चिरलीस का इथपासून विचारतात, त्यात आता सायन्सच्या नावाने 'तुला ताप आला होता ना' ही भर नको.

पण याचा अर्थ ताप आला तर दुर्लक्ष करा असाही कोणी काढू नये, उलट गरोदर बाईच्या तापाकडे आपण जितकं लक्ष द्यायला पाहिजे तितकं देतच नाही हे माझं खरं दुखणं आहे. आपल्या बायका ताप अंगावर काढतात. घरात पाहुणे असतात, शेतात कापणी असते, नोकरीत सुट्टी नसते, आणि वर 'पोटात बाळ असताना गोळी घेऊ नये' हे आईपासून शेजारणीपर्यंत सगळे सांगतात. त्यात २२ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर सांगितलं की गरोदर बायकांनी टायलेनॉल घेऊ नये, त्याने ऑटिझमचा धोका खूप वाढतो, त्रास सहन करावा. टायलेनॉल म्हणजे आपलं पॅरासिटामॉल, क्रोसिन डोलो वगैरे. ती क्लिप मराठीत डब होऊन व्हॉट्सॲपवर इतकी फिरली की माझ्या ओळखीतल्या एका गरोदर मुलीने १०२ ताप असताना गोळी घेतली नाही, नुसत्या मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवल्या. २०२४ मध्ये स्वीडनमध्येच जवळपास २५ लाख मुलांचा अभ्यास छापून आलाय, तिथेही भावंडांची तुलना केल्यावर पॅरासिटामॉलचा आणि ऑटिझमचा संबंध उरला नाही. आणि चढलेला ताप तसाच ठेवणं हे मात्र धोक्याचं आहे यावर डॉक्टरांमध्ये वाद नाही. २०१३ च्या एका अमेरिकन अभ्यासात तर ताप आलेल्या पण तापाचं औषध घेतलेल्या आयांमध्ये मुलाला ऑटिझम असण्याचा वाढलेला धोका दिसला नव्हता.

तेव्हा ताप १००.४ च्या वर गेला की गरोदर बाईने डॉक्टरला फोन करायचा, त्यांनी सांगितलेल्या डोसमध्ये पॅरासिटामॉल घ्यायचं आणि ताप कशाचा आहे ते शोधायचं, कारण डेंग्यू मलेरियाच्या दिवसांत नुसता ताप उतरवून भागत नाही. एक मात्र सांगते, मेडिकलवाला बऱ्याचदा आयबुप्रोफेन मिसळलेली गोळी देतो, ती स्वतःच्या मनाने घ्यायची नाही, २० आठवड्यांनंतर तर नाहीच, बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं म्हणून अमेरिकेच्या औषध खात्याने २०२० मध्ये तसा इशाराच दिलाय. युरिन इन्फेक्शन कधीकधी काहीही त्रास न होता असतं, म्हणून सुरुवातीला लघवीचं कल्चर (लघवीत जंतू वाढतात का ते बघणारी टेस्ट) करून घ्यावं, ही टेस्ट बरेच जण सांगतच नाहीत.

फ्लूच्या लशीचं पण तेच. स्वाइन फ्लूच्या साथींनी आपल्या राज्याला, त्यातही पुण्याला, काय दाखवलं ते आपल्याला माहीत आहे, गरोदर बायकांची तब्येत फ्लूमध्ये फार लवकर बिघडते. त्या साथींनंतर महाराष्ट्र सरकारने गरोदर बायकांना ही लस मोफत द्यायला सुरुवात केली. पण माझ्याकडे येणाऱ्या आयांना विचारलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन सगळ्यांनी घेतलेलं असतं, फ्लूची लस असते हेच बहुतेकींना माहीत नसतं.

आणि रुबेला. १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियातले डोळ्यांचे डॉक्टर नॉर्मन ग्रेग यांच्या लक्षात आलं की गरोदरपणी रुबेला झालेल्या आयांची बाळं मोतीबिंदू घेऊन जन्माला येतायत. १९६४-६५ च्या अमेरिकेतल्या साथीत सुमारे २० हजार बाळं रुबेलाचा परिणाम घेऊन जन्मली, आणि त्यातल्या २४३ मुलांना तपासून स्टेला चेस यांनी १९७१ मध्ये त्यांच्यात ऑटिझमचं प्रमाण खूपच जास्त असल्याचं दाखवलं. म्हणजे ऑटिझमशी ज्या एका इन्फेक्शनचं नातं अगदी पक्कं आहे ते लशीने टाळता येतं! आपल्या राज्यात गोवर-रुबेला लसीकरण मोहीम २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलामुलींसाठी. त्या वेळी ज्या मुली सोळा-सतरा-अठरा वर्षांच्या होत्या त्या थोडक्यात हुकल्या, आणि आज लग्नाच्या आणि बाळंतपणाच्या वयात त्याच आहेत. या मुलींना कोण सांगणार? ही लस गरोदरपणात देत नाहीत, आधीच घ्यावी लागते आणि घेतल्यावर महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, त्यामुळे हे लग्न ठरतानाच कळायला पाहिजे. पत्रिका बघताना मंगळ बघतात, तिथेच कोणीतरी हे विचारावं असं मला मनापासून वाटतं. गर्भसंस्काराच्या क्लासना आता गावोगावी मुली जातात, तिथलं संगीत, श्लोक, योगासनं यांना माझा काही विरोध नाही, मन शांत राहतं ते चांगलंच, पण त्याच क्लासमध्ये अर्धा तास ताप, लस आणि लघवीच्या तपासणीवर बोललं गेलं तर केवढं काम होईल.

ज्यांचं मूल आधीच ऑटिझम घेऊन आलंय त्या आयांसाठी मात्र गरोदरपण उगाळून काहीच हाती लागत नाही. त्यांना जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा पत्ता लागतो, स्पीच थेरपी लागते, ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि त्याचं प्रमाणपत्र मिळतं ही माहिती लागते. माझ्या अनुभवात जी आई 'माझ्यामुळे झालं' यात अडकते ती मुलाला घेऊन थेरपीला उशिरा येते, कारण कोणी बघितलं तर आपल्यालाच विचारतील ही भीती. तो वाया गेलेला वेळ मुलाचा असतो.

म्हणून माझी मागणी आहे की येत्या रविवारी त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, हेडिंग चुकीचं होतं असं छापावं. शेजारी एक चौकट द्यावी, ताप आल्यावर काय करायचं, फ्लूची मोफत लस कुठे मिळते, रुबेलाची लस कधी घ्यायची, आणि आपल्या जिल्ह्यातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राचा फोन नंबर. मजकूर हवा असेल तर मी लिहून देईन, फक्त छापण्याआधी एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या.

आपली,
एक विशेष शिक्षिका
(नाव छापू नये, माझ्यामुळे माझ्याकडे येणारी मुलं ओळखली जातील)